तिसऱ्या सोमवारचं तहसील

सकाळचे साडेनऊ वाजलेत. खेड्यांकडून येणाऱ्या पहिल्या दोन एसट्या रिकाम्या होऊन गेल्या आहेत आणि तहसीलच्या आवारातला लिंब माणसांनी भरला आहे. मे महिना. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. कचेरी अजून उघडायची आहे, पण भिंती तापायला लागल्यात. सावली काय ती या लिंबाचीच, त्यामुळं रांगही सावलीच्या आकाराची झाली आहे. सावली सरकते तशी माणसं सरकतात.

फाटकाच्या आत मुद्रांक विक्रेत्यांची टेबलं. टेबलाला छत्री बांधलेली, छत्रीला दोरी, दोरीला वीट. शेजारी झेरॉक्सच्या यंत्राची खरखर. त्याच्या पलीकडं अर्ज लिहून देणारा बसलाय. ‘मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी’ एवढी ओळ त्याच्याकडं छापून तयार आहे. खाली नाव, गाव, गट नंबर आणि जे काही दुःख असेल ते भरायचं. दुःख सांगताना माणसं आवाज खाली घेतात. लिहिणारा मात्र मान वर न करता मोठ्यानं विचारतो, “नवरा कधी वारला?”

पायऱ्यांवर एक आजी टेकल्या आहेत. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, त्यामुळं एसटीचा प्रवास फुकट. सोबत आलेली सून अर्ध्या तिकिटावर आली आहे. २०२३ पासून बायकांना निम्मंच भाडं पडतं. तिकिटाचे पैसे वाचले, पण सुनेचा आजचा रोज बुडाला. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. आजींच्या पिशवीत आधार कार्ड, बँकेचं पासबुक, रेशन कार्ड आणि फडक्यात बांधलेली भाकरी. कागद वर, भाकरी खाली. अशी पिशवी या आवारात प्रत्येकीकडं आहे.

आज महिन्यातला तिसरा सोमवार, तालुक्याचा लोकशाही दिन. म्हणून गर्दी रोजच्यापेक्षा जास्त.

दहाला कुलूप निघतं. रांग लिंबाखालून सुटते आणि व्हरांड्यात घुसते. सगळ्यांत लांब शेपूट संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलासमोर आहे. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराची माणसं. पासष्टीच्या पुढच्यांचं श्रावणबाळ योजनेचं टेबल शेजारीच, पण रांगेला ते कळत नाही. दोन्ही रांगा एकमेकींत मिसळल्या आहेत. निराधार योजना १९८० साली सुरू झालेली. महिन्याचं अनुदान २०२३ च्या जुलैत हजाराचं दीड हजार झालं. विधवा-परित्यक्तांना पात्रतेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न मात्र २१ हजारांच्या आत लागतं. मी रांगेत उभ्या उभ्या हिशेब करतो. हमीच्या दरानं ६८ दिवस काम केलं की ही मर्यादा ओलांडते. म्हणजे वर्षातले उरलेले जवळपास तीनशे दिवस अशा बाईनं रिकाम्या हातानं बसावं, तरच ती निराधार. रांगेतल्या कुणाच्याही हाताकडं पाहिलं तर हे हात बसलेले नाहीत, हे कळतं.

त्या हातांचीच अडचण पुढं येते. टेबलावरच्या छोट्या यंत्रावर आजी अंगठा ठेवतात. लाल दिवा. पुन्हा ठेवतात. पुन्हा लाल. रेषा झिजल्यात. कापूस वेचून, खुरपं धरून, भांडी घासून. लिपिक मुलगा तरुण आहे, नवा लागलेला. तो ओल्या रुमालानं आजींचं बोट पुसतो, आपल्या शर्टाला कोरडं करतो, दुसरं बोट ठेवतो. मधल्या बोटावर हिरवा दिवा लागतो. मागच्या चारपाच बायका एकदम श्वास सोडतात.

तहसीलदार मॅडम सव्वादहाला येतात. जीपमधून उतरून त्या दालनाकडं जात नाहीत, रांगेकडं येतात. सुती साडी, पायात साध्या चपला, हातात पेन्सिल. रांगेच्या शेवटापासून सुरुवात करतात. प्रश्न एकच.

“किती हेलपाटे झाले, माय?”

“ह्यो चौथा.”

अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ४ लिहिला जातो. पुढच्याचा २. त्याच्या पुढचा पहिल्यांदाच आलाय. ज्या अर्जावर तीनच्या वरचा आकडा पडतो, तो रांगेतून निघून थेट मॅडमच्या टेबलावर जातो. त्यासाठी वेगळं रजिस्टर नाही, परिपत्रक नाही. मॅडमची जुनी सवय. मला विचाराल तर या इमारतीतलं न्यायाचं सगळ्यांत अचूक माप तेच आहे. निकाल कुणाच्या बाजूनं लागला हे नंतरचं. त्यासाठी माणसाला किती रोज बुडवावे लागले, ते आधी मोजायला हवं.

व्हरांड्याच्या भिंतीवर निळा फलक आहे. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. सेवा, मुदत, जबाबदार अधिकारी, अपील कुणाकडं, असे रकाने. उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत. मुदत चुकली आणि कारण पटण्याजोगं नसलं, तर संबंधिताला ५०० ते ५,००० रुपये दंड. फलक उंचावर आहे, अक्षर बारीक आहे आणि रांगेतल्या निम्म्यांना वाचता येत नाही. म्हणून सोमवारी कोतवाल तो मोठ्यानं वाचून दाखवतो. कागदोपत्री त्याचं पद आता महसूल सेवक झालंय, तलाठ्याचंही ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण इथं हाक कोतवाल आणि तलाठी अशीच मारली जाते. कोतवाल एकेक ओळ वाचतो आणि थांबतो. रांगेतला एक म्हातारा विचारतो, “पंधरा दिस कवापासून धरायचे?” अर्ज दिल्याच्या पावतीपासून, कोतवाल सांगतो. म्हातारा खिसे चाचपतो. पावती त्याला दिलीच नव्हती. मॅडम हे ऐकतात. त्या बारनिशीच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहतात आणि पुढच्या दहा-बारा अर्जांची पोच आपल्यासमोर द्यायला लावतात. बोलत काहीच नाहीत. उभ्या राहतात, एवढंच.

दालनात भिंतीला लागून एक लांब बाक आहे. अशा दालनांत सहसा टेबलासमोर चार खुर्च्या असतात आणि त्यांवर कोण बसणार हे ठरलेलं असतं. बाकीचे दाराशी हात जोडून उभे. इथं खुर्च्या मागं गेल्यात. जो येईल तो बाकावर बसतो. फेटेवाला बागायतदार बसतो, त्याच्या शेजारी डोक्यावरचा पदर सावरत एक मजूर बाई बसते. ती आधी अर्धवट टेकते, उठू बघते. शिपाई म्हणतो, “बसा मावशी, इथं बसायचंच असतं.”

मॅडमना नोकरीचं शेवटचं वर्ष लागलंय. अठ्ठावन्न पुरे झाले की सेवा संपते. लिपिक म्हणून लागल्या, मग अव्वल कारकून, नायब तहसीलदार, तहसीलदार. चहा येईपर्यंत त्या थोडं बोलतात. त्यात बढत्या येत नाहीत, याद्या येतात. पहिली यादी किल्लारीची.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी जमीन हादरली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरातला. पंचविशीतल्या या लिपिकेला वही देऊन एका गावात पाठवलेलं. घरं नव्हती, त्यामुळं घर क्रमांक नव्हते. ग्रामपंचायतीचं दप्तर मातीखाली. यादी करायची कशावरून? शेवटी त्या कोतवालाला घेऊन ढिगाऱ्यावर बसल्या. तो डोळे मिटून गल्ली सांगायचा. कोपऱ्यावर सुताराचं, मग दोन भावांचं, मग भिंत, मग विधवेचं. जसं तो सांगेल तसं त्या लिहायच्या. ५२ गावं पुढं नव्या जागी वसली. घराचं क्षेत्र जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंतच्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. त्या वाटपावर मॅडमचं आजही मन बसत नाही. “माती सगळ्यांवर सारखीच पडली होती,” एवढं म्हणून त्या चहाचा कप बाजूला ठेवतात. पण कोतवालाच्या तोंडून उतरवलेली ती यादी पुढं पडताळणीत टिकली, हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो. कागद नसेल तर माणसाला विचारावं, आणि ज्याला कुणी विचारत नाही त्याला आधी विचारावं, हे त्या तिथं शिकल्या. पुढची तीसएक वर्षं त्यांनी तेच केलंय.

शिपाई दारात जाऊन तीनदा पुकारा करतो. वारसाच्या नोंदीची तक्रार. तीन भाऊ, दोन बहिणी. वडील मागच्या वर्षी गेले. तलाठ्यानं फेरफार घेतला, नोटिसा काढल्या, पंधरा दिवसांत हरकत आली, प्रकरण तक्रारी नोंदवहीत गेलं. हरकत बहिणींची नाही, तिसऱ्या भावाची आहे. त्याचं म्हणणं, बहिणी हक्क सोडायला तयार असताना त्यांची नावं सातबाऱ्यावर कशाला लावता?

बहिणी बाकाच्या टोकाला बसल्यात. दोघींच्या अंगावर नव्या साड्या. घडीच्या रेघा अजून मोडलेल्या नाहीत. या साड्या कुणी घेतल्या असतील हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. वकील म्हणतो, मॅडम, त्या समोर आहेत, विचारून घ्या. मॅडम म्हणतात, विचारते. आणि भावांना, वकिलाला, मेव्हण्याला, सगळ्यांना व्हरांड्यात जायला सांगतात. दार बंद होत नाही. बाहेरून दिसेल पण ऐकू येणार नाही, एवढं लोटलं जातं. मीही बाहेर येतो.

बाहेरचा वेळ लांबतो. पंखा गरम वारा ढकलतोय. थोरला भाऊ तंबाखू मळतो आणि तशीच पुडीत परत टाकतो. धाकटा सारखं दाराकडं बघतो. आत काय चाललं असेल याची मला कल्पना आहे, कारण ही सुनावणी या ना त्या गावात मी पाहिली आहे. मॅडम कायदा सांगत असणार. महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा १९९४ सालीच दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. देशाच्या कायद्यानं ९ सप्टेंबर २००५ पासून ती अट काढली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की त्या दिवशी वडील हयात असायला हवेत असंही नाही. हक्क जन्मानंच येतो. हे सगळं सांगून झाल्यावर खरा प्रश्न उरतो, तो कायद्याचा नाही. माहेर तुटेल का? दिवाळीला न्यायला कुणी येईल का? नवऱ्यानं टाकलं तर जायचं कुठं? त्याचं उत्तर तहसीलदाराकडं नसतं. पण हक्क सोडायचा तर तो दुय्यम निबंधकासमोर नोंदणी केलेल्या दस्तानं सोडावा लागतो, तोंडी होकारानं नाव गळत नाही, आणि आज नाव लागलं म्हणून उद्या लगेच वाटणी मागावी लागते असंही नाही, एवढं त्या सांगू शकतात. अनेक बायकांना या शेवटच्या वाक्याची गरज असते. नाव असू दे, भांडण नको, ही त्यांची खरी इच्छा असते आणि ती बोलायला त्यांना जागा मिळालेली नसते.

दार उघडतं. रोजनाम्यावर लिहिलेलं वाचून दाखवलं जातं. मोठीनं सांगितलंय, नाव राहू द्या. धाकटी म्हणालीय, विचार करायला वेळ द्या. दोघींचं वेगवेगळं लिहिलंय. वकील म्हणतो, बहिणींचं एकच म्हणणं धरा. मॅडम मान हलवतात. दोन बायका, दोन म्हणणी. निकाल लागेल तो मान्य नसेल तर साठ दिवसांत प्रांत अधिकाऱ्यांकडं अपील करता येईल, हेही त्याच श्वासात सांगून त्या पुढची फाइल ओढतात.

दुपारी एक. लिंबाखाली भाकऱ्या सोडल्या जातात. कांदा बुक्कीनं फुटतो. रांजण अर्ध्यावर आलाय. आजी आणि सुनेचं काम झालंय, पण परतीची एसटी अडीचला आहे. सून झोपलेल्या लेकरावरच्या माशा वारते. कुणाचं तरी तिकिटाच्या पैशांवरून भांडण होतं आणि मिटतं.

अभिलेख कक्षात बाहेरच्यापेक्षा गार आहे. जाड भिंती, निजामाच्या काळातल्या. लाल फडक्यात बांधलेले बस्ते छतापर्यंत. मोडी, उर्दू, मग देवनागरी. एक तरुण तिथल्या कारकुनासमोर उभा आहे. पालावर वाढलेला, बारावी झालेला. पोलीस भरतीचा अर्ज भरायचाय. जातीचा दाखला हवा. विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी मानीव तारीख २१ नोव्हेंबर १९६१. त्याआधी आपलं कुटुंब इथलंच होतं हे दाखवायचं. आजा शाळेत गेला नाही, बाप शाळेत गेला नाही, जमीन कधी नव्हती. या खोलीतल्या हजारो बस्त्यांत त्याच्या घराण्याचं नाव असण्याचं कारणच नाही. ज्यांच्याकडं जमीन होती त्यांचीच ही दप्तरं. कारकून उगाच शोधायला लावत नाही. नियमात स्थानिक चौकशीची वाट आहे. पालावर जायचं, देव बघायचे, बोली ऐकायची, म्हाताऱ्यांचे जबाब घ्यायचे, अहवाल प्रांतांकडं पाठवायचा. मॅडमनी चौकशीचा दिवस लिहून दिलाय. तरुण तो कागद दोनदा वाचतो. “पालावर कोण येणार? तुम्ही?” असं तो मला विचारतो. मी नाही म्हणतो. त्याला पाहिजे ते उत्तर माझ्याकडं नसतं.

साडेतीनला जीप निघते. रस्त्याचा दावा आहे, स्थळपाहणी. डांबर संपतं, मुरूम संपतो, काळी माती सुरू होते. नांगरलेल्या रानात ढेकळं तापून पांढरी पडलीत. ऊन बेचाळीस अंशांच्या पुढं असणार. गाडी थांबते तिथं दोन गट आधीच उभे आहेत, एकमेकांकडं पाठ करून.

मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा. सव्वाशे वर्षं होत आली तरी शेतरस्त्याचा अडथळा काढायला याच कायद्याखाली तहसीलदाराकडं यावं लागतं. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वादी बागायतदार आहे. अकरा एकर, ऊस, ट्रॅक्टर. प्रतिवादीचं रान दीड एकर. त्यानं धुऱ्यावर काट्या टाकून वाट बंद केलीय. फाइल वाचली तर न्याय सरळ दिसतो. वहिवाटीची वाट अडवली, ती मोकळी करून द्या. मॅडम फाइल जीपमध्येच ठेवतात आणि चालायला लागतात.

त्या धुऱ्यानं टोकापर्यंत जातात. तलाठी गावनकाशा उलगडतो. वाऱ्यानं तो फडफडतो, कोतवाल दोन दगड ठेवतो. नकाशात दुहेरी तुटक रेघ आहे, पण ती इथून जात नाही, पलीकडच्या शिवेनं जाते. वादी म्हणतो, ती वाट पावसात बुजली, चाळीस वर्षं आम्ही इथूनच जातो. प्रतिवादी म्हणतो, बैलगाडी जायची, मी कधी अडवली? आता ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्या घालतात, दर साली हातभर रान खातात. माझं आहेच किती? बोलताना त्याचा घसा कोरडा पडतो. त्याची बायको तांब्या पुढं करते. तो आधी मॅडमना देतो.

पंच ठरलेत. सगळे खातेदार, सगळे टोपीवाले. वादीच्या ओळखीतलेच बहुतेक. जबाब एकसारखे येतात, वाट इथूनच होती. तलाठी भराभर लिहितो.

बाभळीखाली एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली आहे. ती कुणाच्याच बाजूची नाही. शिवारात तिच्या नावावर काही नाही. मॅडम तिच्याकडं वळतात. ती उठू बघते. मॅडमच ढेकळावर बसतात. “गाड्या कुठून जायच्या हो, आजी? तुम्ही इथंच गुरं राखलीत ना?” म्हातारी आधी पंचांकडं बघते, मग काठीनं दाखवते. काठी शिवेकडं जाते. बोरीच्या झाडाकडून, ओढ्याच्या अंगानं. मोठ्या मालकाच्या वडलांनी तिथं विहीर पाडली, माती टाकली, मग वाट मोडली. तेव्हापासून लोक या धुऱ्यानं यायला लागले. किती साल झालं? म्हातारी साल सांगत नाही; दुष्काळात, तिची मधली लेक पाळण्यात होती तेव्हा, असं सांगते. पंचांतला एक जण काही बोलायला तोंड उघडतो आणि मिटतो. बागायतदार विहिरीकडं बघतोय.

मॅडम तलाठ्याला हाक मारतात. आज निकाल नाही. शिवेची वाट मोजायची, भूमी अभिलेखच्या मोजणीदाराला बोलवायचं, धुऱ्यावरून तोवर फक्त बैलगाडी आणि डोक्यावरचं ओझं. मग म्हातारीचा जबाब. तलाठी विचारतो, ह्या खातेदार नाहीत, पंचनाम्यात घ्यायचं कसं?

“साक्षीदार म्हणून. नाव पूर्ण लिहा, नवऱ्याचं नाही, तिचं. आणि ‘शेळ्या राखणारी’ असं नको. ‘शिवाराची पूर्वीपासून माहिती असलेली’ असं लिहा. मग तिला वाचून दाखवा, ती हो म्हणाली की अंगठा घ्या.”

तलाठी मांडीवर पॅड ठेवून लिहायला बसतो. पुढची तारीख पडते ती मृगाच्या आतली.